बाटलीतील बिअर महिन्या-दीड महिन्याने उतू जाणे: कारण कसे शोधावे आणि ते मुळापासून कसे काढावे

बाटल्या भरून तीन आठवडे झाले की पहिली बाटली उघडावी आणि बिअर अगदी मनासारखी निघावी, फेस बोटभर जाड, चव स्वच्छ; आणि त्याच घाण्यातील बाटली सातव्या आठवड्यात उघडावी, तर झाकण सैल होताच निम्मी बिअर फेसाच्या रूपाने ओट्यावर सांडावी आणि उरलेली साक्यासकट ढवळून गढूळ व्हावी, हा अनुभव घरी बिअर करणाऱ्या पुष्कळांना येतो. एकदा असे झाले तर साखर जास्त पडली असे म्हणून आपण सोडून देतो. पण मला हा त्रास लागोपाठ चार घाण्यांत झाला आणि त्यातील दोन घाण्यांत साखरेचा काहीही दोष नव्हता हे मी वजन करून, लिहून ठेवून सिद्ध केले होते. कारण सापडायला मला जवळजवळ सात महिने लागले. तेवढा वेळ दुसऱ्या कोणाचा जाऊ नये म्हणून ज्या क्रमाने शोध घ्यायला हवा होता तो येथे सविस्तर मांडते.

मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील मिलवॉकी येथे राहते आणि घराच्या तळघरात गेली नऊ वर्षे बिअर करते. एका वेळी पाच गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर, आणि सगळी बाटल्यांतच भरते. अमेरिकेत १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे स्वतःच्या घरच्या वापरापुरती बिअर करायला करमाफी मिळाली. एकट्या प्रौढ व्यक्तीच्या घरी वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरी २०० गॅलन ही मर्यादा आहे आणि विक्री करता येत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य तयार करता येत नाही. म्हणून हे लेखन जेथे हा छंद कायद्याला मान्य आहे तेथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे.

आधी हिशेब

बाटली उतू जाते कारण बिअरमध्ये हवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड झालेला असतो. म्हणून पहिला प्रश्न असा की हा जादा वायू कशापासून झाला. यीस्टला खाण्याजोगे काही मिळाल्याशिवाय वायू होत नाही. हे खाणे एकतर बाटलीत वायू व्हावा म्हणून आपण भरताना घातलेली साखर असते, किंवा आधीच बिअरमध्ये शिल्लक राहिलेली माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, साखर असते. हे दोन स्रोत वेगळे करणे म्हणजे अर्धे काम झाले, आणि ते अंदाजाने होत नाही, हायड्रोमीटरनेच, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीनेच होते; साखर आंबत गेली की ही घनता उतरते.

बिअरमधील वायू मोजायचे माप म्हणजे व्हॉल्यूम. एक लिटर बिअरमध्ये, शून्य अंशाला आणि सामान्य हवेच्या दाबाला मोजलेला एक लिटर वायू विरघळलेला असेल तर तो एक व्हॉल्यूम. २० अंशांवर आंबून पूर्ण झालेल्या बिअरमध्ये साखर घालण्याच्या आधीच सुमारे ०.८६ व्हॉल्यूम वायू असतो. साधी घरची साखर लिटरला चार ग्रॅम घातली की त्यात साधारण एक व्हॉल्यूमची भर पडते. म्हणजे १९ लिटरला २.४ व्हॉल्यूम हवे असतील तर ११५ ग्रॅमच्या आसपास साखर लागते. दुसरा आकडा याहून महत्त्वाचा आहे आणि तो फार थोडे जण लक्षात ठेवतात: बाटली बंद झाल्यानंतर बिअरची घनता हायड्रोमीटरवर एका अंकाने, म्हणजे उदाहरणार्थ १.०१४ वरून १.०१३ वर, खाली आली तर त्यातून सुमारे अर्धा व्हॉल्यूम वायू होतो. चार अंक खाली आले तर दोन व्हॉल्यूमची भर. आपल्या नेहमीच्या २.४ मध्ये हे दोन मिळवले की ४.४ होतात आणि साध्या लांब मानेच्या बाटलीला तीन-साडेतीनच्या वर नेणे धोक्याचे असते. म्हणजे हायड्रोमीटरच्या दांडीवरच्या चार बारीक रेघा एवढ्या फरकाने चांगली बिअर ओट्यावर सांडते.

म्हणून उतू गेलेली बाटली चिडून मोरीत ओतू नये. तिच्यातील पेलाभर बिअर बाजूला काढावी, एका भांड्यातून दुसऱ्यात वीस-पंचवीस वेळा उंचावरून ओतून तिच्यातील वायू पूर्णपणे घालवावा, ती २० अंशांवर येऊ द्यावी आणि मग घनता मोजावी. वायू नीट गेला नाही तर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा खऱ्याहून जास्त दिसतो. आपला हायड्रोमीटर कोणत्या तापमानासाठी आखलेला आहे, १५.६ अंशांसाठी की २० अंशांसाठी, हे त्याच्या कागदी पट्टीवर पाहावे, आणि डिस्टिल्ड पाण्यात त्या तापमानाला तो १.००० दाखवतो की नाही हे एकदा तपासावे. रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाने, या कामी मोजू नये, कारण मद्यार्क असलेल्या बिअरमध्ये त्याचा आकडा सरळ वाचता येत नाही.

आलेला आकडा बाटल्या भरण्यापूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहावा. घातलेली साखर त्या वेळी दोन-अडीच अंक वाढवते आणि आंबल्यावर ती वाढ नाहीशी होते, म्हणून सर्व काही ठीक असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. सारखे आले तर वायू साखरेतूनच झाला आहे: साखर जास्त पडली, बाटल्यांमध्ये असमान वाटली गेली, किंवा वायू मुळी जास्त नाहीच आणि फेस दुसऱ्या कारणाने येतो आहे. बाटलीतील आकडा खाली गेलेला असेल तर बिअरच आंबत राहिली आहे.

माझ्याकडे पहिल्या दोन घाण्यांत हा आकडा घेतलेलाच नव्हता, आणि चूक तेथेच झाली.

मी काय काय करून पाहिले

जुलैमध्ये मी सेझों नावाची बेल्जियन पद्धतीची बिअर केली होती. तळघर २७ अंशांपर्यंत तापले होते, यीस्ट त्या उन्हाळ्यासाठी म्हणूनच निवडलेले होते, आणि घनता १.००३ पर्यंत उतरून बिअर ठणठणीत कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली, आणि मिरी-लवंगेच्या वासाची झाली. तिला काहीही झाले नाही, शेवटची बाटलीसुद्धा उत्तम होती. त्यानंतर सप्टेंबरमध्ये अंबर एल ही तांबूस बिअर केली, जिची घनता १.०५२ वरून १.०१४ वर येऊन थांबली, आणि ती सहाव्या आठवड्यात उतू जाऊ लागली.

तोपर्यंत मी साखर वाटीने मापत असे. वाटीने मापलेल्या साखरेत दाणा बारीक-जाड असला की वजनात बराच फरक पडतो, म्हणून दोष तिचाच मानून मी ग्रॅमचा वजनकाटा आणला आणि पुढच्या घाण्यात, पोर्टर या गडद बिअरमध्ये, मुद्दाम कमी म्हणजे ९० ग्रॅमच साखर घातली. ही बिअर तीन आठवड्यांनी किंचित सपक वाटली. पाहुण्यांना देताना मला त्याबद्दल सांगावे लागले होते. आणि तीच पोर्टर आठव्या आठवड्यात फसफसून बाहेर आली. हा पुरावा फार मोलाचा होता: साखरेने होणारा वायू दोन-तीन आठवड्यांत होऊन संपतो, आणि जो वायू त्यानंतर आठवड्यामागून आठवडा वाढत राहतो तो साखरेचा नसतो. मी मात्र त्या वेळी एवढेच म्हटले की तळघर थंड पडले होते, बिअर पुरती आंबलीच नसेल, आणि बाटल्या वरच्या मजल्यावर उबेत आणल्यावर राहिलेले आंबणे पुरे झाले असेल.

हा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. विस्कॉन्सिनच्या थंडीत तळघर १५-१६ अंशांवर येते, एल जातीचे यीस्ट अशा वेळी काम संपण्याआधीच तळाशी बसून राहते, आणि एअरलॉकमधले, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या बुचातले, बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरणाऱ्याला पुढे हाच प्रकार पाहावा लागतो. याची खात्री करण्याची एक जुनी आणि बिनचूक रीत आहे. वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या न आंबलेल्या गोड काढ्यात, यीस्ट घातले त्याच दिवशी त्यातला पाव लिटर भाग उकळत्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बरणीत काढावा, त्यात त्याच यीस्टचा भरपूर जादा डोस घालावा, आणि बरणी २५ अंशांच्या आसपास उबदार जागी ठेवून दिवसातून चार-पाच वेळा हलवावी. दोन-तीन दिवसांत ती बरणी जेवढे उतरायचे तेवढे उतरते. तो आकडा म्हणजे त्या वर्टची आणि त्या यीस्टची शेवटची मर्यादा. मोठे भांडे त्या आकड्यावर पोचल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. तिसऱ्या घाण्यात, पेल एलच्या वेळी, मी हे केले. बरणी १.०१४ वर थांबली, मोठे भांडे २० अंशांवर ठेवल्यावर १.०१४ वरच आले, आणि चार आठवड्यांत तीन वेळा मोजले तरी हलले नाही. साखर काट्यावर ११५ ग्रॅम. बाटल्या भरताना मला मनापासून वाटले की आता प्रश्न संपला.

सहाव्या आठवड्यात एका रात्री तळघरात मोठा आवाज झाला. खाली जाऊन पाहते तो खोक्यातील एक बाटली फुटून तिच्या काचा शेजारच्या बाटल्यांमध्ये रुतल्या होत्या आणि पुठ्ठा भिजून लगदा झाला होता. त्या रात्री मी पहिल्यांदा जाड हातमोजे आणि चष्मा घालून, एक बाटली दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून, मग उघडून, वायू घालवून घनता मोजली. ती १.०१० होती. ज्या वर्टची मर्यादा १.०१४ असल्याचे बरणीने सांगितले होते, ते बाटलीत चार अंक आणखी खाली गेले होते. म्हणजे बाटलीत जो कोणी आंबवत होता तो माझा यीस्ट नव्हता.

दुसरा विरजक

आपल्या घरात हे समजावून सांगायला फार दूर जावे लागत नाही. दह्याचे भांडे नीट न घासता त्यात पुढचे दूध विरजले की दही आदल्या विरजणाच्या वळणावर जाते. तार सुटणारे असेल तर तार, आंबट असेल तर आंबट. बिअरमध्येही आधीच्या घाण्यातला यीस्ट किंवा जिवाणू उपकरणात मागे राहिला की पुढच्या घाण्यात तो हळूहळू आपले काम करतो, आणि हळू करतो म्हणूनच पहिल्या तीन आठवड्यांत दिसत नाही.

हा आगंतुक कोण हे वास आणि चव बऱ्यापैकी सांगतात. बिअर आंबट झाली असेल किंवा तिला शिळ्या लोण्यासारखा वास येत असेल तर लॅक्टिक जिवाणूंचा संशय घ्यावा. बाटलीच्या मानेत बिअरच्या पातळीवर पांढरट वर्तुळ धरले असेल आणि वास तबेल्याकडे झुकत असेल तर ब्रेटानोमायसिस या जंगली यीस्टचा. माझ्या बिअरमध्ये यातले काहीच नव्हते. ती फक्त पातळ लागत होती, माल्टचा गोडवा हरवला होता, आणि अंबर एलमध्ये ज्याचे काहीही काम नाही असा लवंगेचा वास अगदी स्पष्ट होता. मसाल्याचा डबा उघडल्यावर येतो तसा. मी तो दोन घाण्यांत अनुभवला होता आणि दोन्ही वेळा हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, माथी मारला होता.

लवंगेचा वास आणि डेक्स्ट्रिन खाण्याची शक्ती ही दोन्ही लक्षणे एकत्र आली की ती सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या नेहमीच्याच यीस्टच्या डायास्टॅटिकस या प्रकाराकडे बोट दाखवतात. नेहमीचे बिअरचे यीस्ट माल्टमधील छोट्या साखरा खाते. डेक्स्ट्रिन म्हणजे त्याहून लांब साखळ्या त्याला तोडता येत नाहीत, आणि बिअरला अंग येते ते त्यांच्यामुळेच. डायास्टॅटिकसजवळ एसटीए-१ हे जनुक असते. त्यामुळे ते ग्लुकोअमायलेज नावाचे विकर बाहेर सोडते, हे विकर डेक्स्ट्रिनच्या टोकापासून एकेक ग्लुकोज सुटा करते, आणि यीस्ट तो खाते. हे सगळे सावकाश, आठवडे-महिने चालते. ते काही रोगट यीस्ट नव्हे. सेझोंसाठी मुद्दाम विकली जाणारी काही यीस्ट याच प्रकारची असतात. लालमांड कंपनीचे बेल सेझों आणि वायीस्टचे ३७११ ही दोन बरीच माहितीतली नावे. सेझों कोरडी व्हावी म्हणून तर आपण ती वापरतो. मी जुलैमध्ये यांच्यापैकीच एक वापरले होते. यीस्टचा यात दोष नाही. ज्या घरात सेझों होते त्या घरात पुढच्या अंबर एलसाठी किती काळजी घ्यायची हे मला माहीत नव्हते.

ते कोठे लपले होते

चौथा घाणा, ब्राउन एलचा, मी शोधासाठीच केला. बाटल्या भरण्याच्या वेळी तीन गट पाडले. सहा बाटल्या आंबवण्याच्या काचेच्या भांड्यातूनच सायफनने थेट भरल्या आणि प्रत्येकीत काट्यावर मोजलेली दोन ग्रॅम साखर टाकली. उरलेली बिअर साखरेच्या पाकावर, बाटल्या भरायच्या बादलीत घेतली, आणि तिच्यातल्या सहा बाटल्या तोटी न वापरता वरूनच त्याच सायफनने भरल्या. बाकीच्या नेहमीप्रमाणे बादलीच्या तोटीतून. भरायची नळी नवी होती, झाकणे आणि बाटल्या सगळ्या एकाच दिवशी, एकाच हाताने धुतलेल्या. झाकणांवर १, २, ३ असे लिहिले आणि सगळ्या बाटल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवल्या.

सातव्या आठवड्यात पहिल्या गटाची बाटली उघडली: १.०१३, भरताना होती तेवढीच. दुसऱ्या गटाची: १.०१३. तिसऱ्या गटाची उघडताच बोटांवरून मनगटापर्यंत फेस आला, आणि आकडा १.००९. काचेचे भांडे सुटले, सायफन सुटला, बादलीही सुटली. राहिली तोटी.

ही तोटी मी दर वेळी बादलीपासून वेगळी करून, क्षारयुक्त धुण्याच्या पावडरीत भिजवून, ब्रशने घासून, शेवटी फॉस्फोरिक आम्लाच्या निर्जंतुक द्रावणातून काढत असे. ती दोन तुकड्यांची असते हे मात्र मला ठाऊक नव्हते. बाहेरच्या नळकांड्यात आत एक फिरणारे नळकांडे घट्ट बसवलेले असते आणि दोन्ही मिळून एकच वस्तू वाटते. कडक गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून, मागच्या बाजूने लाकडी चमच्याच्या दांड्याने जोर दिला तेव्हा आतला तुकडा पटकन निसटून हातात आला. त्याच्या कमरेभोवती फिकट तपकिरी, बुळबुळीत कडे होते, भाताच्या पेजेवर धरलेल्या सायीसारखे, नखाने ओढले तर पट्टी निघावी इतके जाड. आणि त्याला लवंगेचा वास येत होता. प्रत्येक घाण्यातील शेवटच्या बाटलीपर्यंतची सगळी बिअर या कड्यावरून वाहून गेली होती.

अशा चिकट थरात यीस्ट एकमेकांना धरून बसते आणि निर्जंतुक करणारे द्रावण फक्त वरच्या पापुद्र्याला लागते. ते द्रावण स्वच्छ पृष्ठभागासाठी असते, घाण भेदण्यासाठी नसते. त्यातून दोन तुकड्यांच्या फटीत ते पोचतच नव्हते. त्याचे प्रमाण कितीही वाढवले असते तरी उपयोग झाला नसता, आणि मी एकदा ते दुप्पट करून पाहिलेही होते.

तरीही संशय पक्का करण्यासाठी एक घरगुती चाचणी केली, आणि ती प्रयोगशाळेशिवाय कोणालाही जमते. चांगल्या, शाबूत गटातील बिअर पातेल्यात पंधरा मिनिटे उकळून मद्यार्क घालवला, उडालेल्या पाण्याएवढे उकळलेले पाणी परत घातले, आणि गार झाल्यावर दोन निर्जंतुक बरण्यांत सारखी वाटली. अशा बिअरमध्ये नेहमीच्या यीस्टने खाण्याजोगे काही राहिलेले नसते, डेक्स्ट्रिन मात्र जसेच्या तसे असते. एका बरणीत माझे नेहमीचे कोरडे यीस्ट टाकले, दुसरीत उतू गेलेल्या बाटलीच्या तळचा साका. दोन्ही एकाच कपाटात, एअरलॉक लावून. तीन आठवड्यांनी पहिल्या बरणीचा आकडा होता तेथेच होता आणि दुसरीचा पाच अंकांनी उतरला होता. डायास्टॅटिकसचे नाव निर्विवाद ठरवायला जनुकाची चाचणीच लागते, पण डेक्स्ट्रिन खाणारा कोणीतरी माझ्या बाटल्यांत आहे हे यातून पुरते स्पष्ट झाले.

उपाय

तोटी फेकून दिली. ती काही डॉलरांना मिळते आणि सात महिन्यांच्या बिअरपुढे ते काहीच नाही. नवी तोटी दर वेळी वापर झाल्याबरोबर, सुकण्याआधी, गरम पाण्यात ठेवून दोन तुकडे वेगळे करते, धुण्याच्या पावडरीत अर्धा तास भिजवून मऊ ब्रशने घासते, आणि सुटेच वाळवते. पुढच्या वापरापूर्वी ८० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून मगच जोडते. पॉलिप्रॉपिलीनच्या तोटीला हे तापमान बाधत नाही, पण ज्या प्लास्टिकबद्दल खात्री नसेल त्याचा आधी एक तुकडा तपासून घ्यावा. हायड्रोमीटरची प्लास्टिकची नळी माझ्याकडे अशाच पाण्यात वाकडी झाली आहे. उष्णतेचा फायदा असा की ती फटीतही पोचते.

सायफनची नळी, भरायच्या नळीतली छोटी झडप, रबराचे बूच आणि वॉशर हे सगळे बदलले. आतून ओरखडे पडलेली बादलीही काढून टाकायला हवी, कारण ओरखड्यात तोटीच्या फटीसारखाच थर बसतो. म्हणून प्लास्टिकच्या भांड्यात घासणी वापरू नये. सेझों मला अतिशय आवडते आणि ती मी सोडणार नाही, म्हणून तिच्यासाठी नळी, तोटी आणि बूच यांचा वेगळा संच ठेवला आहे, त्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे, आणि तो संच तळघराच्या दुसऱ्या टोकाला टांगलेला असतो. यीस्ट विकत घेताना उत्पादकाच्या माहितीपत्रकात डायास्टॅटिकस असल्याचा उल्लेख आहे का हे आता मी आधी वाचते.

आणखी एक सवय लावून घेतली आहे: प्रत्येक घाण्यातील एक बाटली प्लास्टिकची, सोड्याच्या बाटलीसारखी पेट जातीची, भरते. ती दाबून पाहिली की आतला दाब हाताला कळतो, आणि तिसऱ्या आठवड्यात बोट रुतेनासे झाल्यावरही ती पुढे आणखी फुगत गेली तर काचेच्या बाटल्या वेळीच फ्रीजमध्ये हलवता येतात.

आपली लक्षणे माझ्यासारखी नसतील तर

एकाच घाण्यातील काही बाटल्या उतू जातात आणि काही सपक निघतात, असे असेल तर पाक बिअरमध्ये नीट मिसळला नाही असे समजावे. पाक आधी बादलीत घालून त्यावर बिअर गोल फिरत पडेल अशी नळी सोडावी आणि शेवटी निर्जंतुक चमच्याने, हवा न शिरवता, हलकेच ढवळावे. नेमक्या त्याच एक-दोन बाटल्या वाईट निघत असतील तर त्या बाटल्यांच्या तळाशी जुना साका वाळलेला असतो. उजेडासमोर धरून पाहाव्यात.

बाटल्या भरण्याच्या आधी थंड बिअरमध्ये हॉप्स घालणाऱ्यांना वेगळाच त्रास होऊ शकतो. हॉप्समध्येही डेक्स्ट्रिन तोडणारी विकरे थोड्या प्रमाणात असतात. होरेस ब्राऊन आणि मॉरिस या इंग्रज रसायनज्ञांनी १८९३ मध्येच हे नोंदवले होते, आणि हॉप्सचा मारा मोठा असलेल्या आजच्या बिअरमुळे ती गोष्ट पुन्हा सगळ्यांच्या लक्षात आली. अशा बिअरमध्ये हॉप्स घातल्यावर घनता पुन्हा दोन-तीन अंक उतरू शकते, तेव्हा हॉप्स घालण्यापूर्वीच्या आकड्यावर विसंबून राहू नये; भांडे उबेतच ठेवून, आकडा लागोपाठ तीन दिवस तोच आल्यावर बाटल्या भराव्यात. यात कोणी आगंतुक नसल्यामुळे उपकरणे फेकण्याची गरज नाही.

आणि घनता मुळीच उतरलेली नसेल, साखरही बरोबर असेल, चवही निर्दोष असेल, तरी बाटली फसफसत असेल, तर बिअर पुरेशी गार नसते किंवा वायूला फुटायला कणांचा आधार मिळालेला असतो. बाटली दोन दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवून उघडून पाहावी. हॉप्सचा चुरा बाटलीत गेला असेल तर भरताना नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. फ्युझेरियम या बुरशीने ग्रासलेल्या बार्लीचा माल्टही अशा फेसाला कारण होतो; तसा संशय असेल तर माल्टची थैली बदलणे एवढाच इलाज आपल्या हातात असतो.

भरून ठेवलेल्या बाटल्यांचे काय करावे

दाब वाढलेल्या बाटल्या हाताळताना जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि लांब बाह्यांचे कपडे घालावेत, आणि खोक्यावर जाड टॉवेल टाकून मगच ते उचलावे. सगळ्या बाटल्या प्रथम गार कराव्यात, कारण थंडीत वायू बिअरमध्ये विरघळतो आणि दाब उतरतो. थंडीच्या दिवसांत येथे मागच्या पडवीत ठेवले तरी चालते, फक्त पारा शून्याच्या बराच खाली असेल तर बिअर गोठून बाटली त्या कारणाने फुटेल. गार झालेल्या बाटलीचे झाकण ओपनरने एका कडेने किंचित उचलून फुस्स असा आवाज येऊ द्यावा, फेस मानेपर्यंत चढताच सोडून द्यावे, आणि झाकण पुन्हा यंत्राने दाबून बसवावे. दोन-तीन तासांच्या अंतराने असे तीनदा केल्यावर माझ्या ब्राउन एलच्या बाटल्या पुष्कळशा ताळ्यावर आल्या. शेवटच्या वेळी नवे झाकण लावावे. त्यानंतर त्या फ्रीजमध्येच राहू द्याव्यात, कारण यीस्ट आत जिवंत आहे आणि उबेत ठेवल्यास ते पुन्हा काम सुरू करील. लवंगेचा वास काही जात नाही, पण तो सोडला तर ती बिअर पिण्यास हरकत नाही. आम्ही ती हळूहळू संपवली. पेल एलच्या उरलेल्या चौदा बाटल्यांना मात्र मी हात लावला नाही. एक फुटलेली असताना बाकीच्यांच्या काचेवर किती ताण आला असेल हे बाहेरून दिसत नाही, म्हणून त्या गार करून, टॉवेलखालीच झाकणे काढून, मोरीत ओतल्या.

नव्या तोटीतून भरलेल्या पहिल्या घाण्याच्या चार बाटल्या मी मुद्दाम तळघरात उबेला, झाकणाच्या पेटीत ठेवल्या होत्या. भरताना १.०१४ असलेली ती अंबर एल पाचव्या महिन्यातही १.०१४ वर आहे.